पहिल्यांदाच आलात का?

१२ सप्टेंबर २००६, मंगळवार

इंग्लंडला मुलाकडे, कॉव्हेंट्रीत येऊन आज नऊ दिवस झाले. बायको, लीलावती, गेल्यापासून वही बंद होती. आज कोणाला तरी सांगावं असं काही घडलं आणि घरात सांगायला कोणी नाही, म्हणून पुन्हा उघडली.

विनय साडेसातला ऑफिसला जातो. सून निधीची नोकरी हाउन्सलोला, लंडनच्या विमानतळाजवळच्या मालवाहतुकीच्या कंपनीत. ती सोमवारी पहाटे जाते आणि शुक्रवारी संध्याकाळी येते. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहते. नागपुरात असताना मला हे नीट कळलं नव्हतं. विनय फोनवर "आम्ही मजेत आहोत" म्हणायचा, आणि त्यातलं 'आम्ही' मी रोजचं धरून चाललो होतो.

दहा वाजता कुलूप लावून चालत गावात गेलो. उंच मनोरा दिसत होता, त्याच्या रोखाने गेलो. ते इथलं जुनं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं चर्च. १९४० साली जर्मन बॉम्बहल्ल्यात जळालं. मनोरा आणि भिंती उरल्या, छत गेलं. त्यांनी ते पाडलं नाही आणि पुन्हा बांधलंही नाही. शेजारी नवं उभारलं आणि जुनं तसंच आभाळाखाली ठेवलं. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, पण असं काम पाहिलं नव्हतं. मोडकं ते मोडकंच ठेवायचं आणि रोज झाडायचं.

एक म्हातारी इंग्रज बाई जवळ आली. छातीवर गाइडचा बिल्ला होता. "पहिल्यांदाच आलात का?" तिने विचारलं. हो म्हणालो. तिने मला दीड तास फिरवलं. नाव डोरीन. माझं हरिदास मेश्राम तिला जमेना, तेव्हा 'मिस्टर दास'वर तडजोड झाली. हल्ला झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी आईबरोबर इथे आली आणि भिंतीला हात लावला, तर दगड ऊन होता. धाकटा भाऊ टेड तिचा हात धरून उभा होता.

वेदीमागच्या भिंतीवर 'पित्या, क्षमा कर' एवढंच कोरलंय. डोरीनने विचारलं, "कोणाला क्षमा कर, ते लिहिलेलं नाही. लक्षात आलं?" मला आलं नव्हतं. नागपूर सोडल्यापासून कोणी मला इतका वेळ काही सांगितलं नव्हतं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

आज पुन्हा गेलो. डोरीन मंगळवारी आणि गुरुवारी असते. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "पहिल्यांदाच आलात का?"

'नाही, परवाच आलो होतो' असं म्हणायला हवं होतं. पण तसं म्हटलं असतं तर ती "अरे वा" म्हणून दुसऱ्या कोणाकडे गेली असती. मी हो म्हणालो. तिने माझ्या कोपराला हात लावला. "काही हरकत नाही. आपण सावकाश जाऊ."

रोज सकाळी पंचशीलातलं चौथं शील, 'मुसावादा वेरमणी', म्हणणारा मी, पासष्टाव्या वर्षी एका सज्जन बाईशी खोटं बोललो. तेही चर्चच्या अंगणात.

संध्याकाळी विनयला सांगेन म्हटलं होतं. त्याची गाडी सव्वासहाला दारात आली, पण तो वीस मिनिटं आतच बसून होता. रेडिओवर क्रिकेट ऐकत असेल. घरात आला आणि लॅपटॉप उघडून बसला. मग राहिलं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

आजची सहावी फेरी. नव्या कॅथीड्रलमधलं आता मला पाठ झालंय. काचेची प्रचंड भिंत, तिच्यावर कोरलेले देवदूत आणि त्यांच्या अंगातून पलीकडे दिसणारी जुनी पडकी भिंत. बाप्तिस्म्याचं पाणी ज्यात ठेवतात तो ओबडधोबड दगड बेथलेहेमहून आणलेला आहे. डोरीन दर वेळी तेच सांगते आणि मी दर वेळी नव्याने ऐकतो. कीर्तनाला आख्यान ठाऊक असूनही माणसं बसतातच की.

तिथली इतर माणसं मात्र माझ्याशी विचित्र वागतात. कॉफीच्या काउंटरवरची मुलगी एकेक शब्द सुटा करून बोलते. गाइडांची प्रमुख जिल आज जवळ येऊन बसली. मी कुठे राहतो, परतीचा रस्ता माहीत आहे का, घरी कोण असतं असं बराच वेळ विचारत होती. मग विनयचा नंबर मागितला. सावळा म्हातारा माणूस दिसला की यांना तो हरवलेलाच वाटतो. राग आला, पण नंबर दिला.

२ ऑक्टोबर, सोमवार

आज दसरा. दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव. नागपूरहून मित्र शशिधरने मुद्दाम गर्दीतून फोन लावला. "हरिदास, ऐक," म्हणाला आणि फोन वर धरला. लाखो माणसांचा आवाज फोनमध्ये फक्त खरखरीसारखा येतो. छप्पन्न साली मी पंधरा वर्षांचा होतो, पांढरा सदरा घालून वडिलांबरोबर तिथे उभा होतो. माणसं बदलली, देव सोडले. माझं नाव तेवढं 'हरीचा दास' राहून गेलं, कारण शाळेच्या दाखल्यावर तेच होतं.

विनय ऑफिसात. त्याला तारीख आठवली नसावी. मीही आठवण करून दिली नाही.

चैन पडेना म्हणून गावात गेलो. आज डोरीनचा वार नाही. नव्या कॅथीड्रलजवळ आणखी एका, त्याहूनही जुन्या कॅथीड्रलचे पाये उघडे केलेत. साडेचारशे वर्षांपूर्वी राजाने मठ बंद केले, तेव्हा ते पाडून दगड विकले. खांबांचे बुंधे तेवढे राहिलेत. पावलं टाकून मापं घेतली आणि हातरुमालाएवढ्या कागदावर आराखडा काढला. तीन तास गेले. कोणी विचारलं नाही काय करतोय म्हणून.

१० ऑक्टोबर, मंगळवार

डोरीन आज गोष्टीत फरक करत होती. आज टेड तिचा धाकटा भाऊ नव्हता. थोरला होता, नौदलात होता आणि त्या दिवशी गावात नव्हताच. मग हात कोणी धरला होता असं मी विचारलं, तर ती हसली आणि म्हणाली, "आईने." मला वाटतं, तेच तेच ऐकून मी कंटाळू नये म्हणून ती बदल करते. चांगला कथेकरी करतोच तसं.

स्वेटरची बटणं एक घर चुकून लावली होती. आज घाईत निघाली असावी. फेरीच्या मधेच तिने पुन्हा विचारलं, "पहिल्यांदाच आलात का?" एकाच फेरीत दोनदा. मी दोनदा हो म्हणालो. पाप दुप्पट झालं.

१८ ऑक्टोबर, बुधवार

विनयला झालंय तरी काय? सकाळी चहा घेताना म्हणाला, "बाबा, आज कोणता वार?" मी म्हटलं, बुधवार, तुझ्या घड्याळात दिसत नाही का? मग म्हणाला, काल रात्री काय जेवलो? मी म्हटलं, तूच तर पिझ्झा आणलास, आणि आणू नकोस म्हणालो होतो.

कोटाच्या खिशात एक कार्ड सापडलं. निधीच्या अक्षरात माझं नाव, घराचा पत्ता, दोन फोन नंबर. गॅसच्या बटणांवरही तिने लाल-हिरव्या चिकटपट्ट्या लावून ठेवल्यात. पोरगी काळजी करते, पण मी काही पाच वर्षांचा नाही. गेल्या शनिवारी ती बागेत उभी राहून दीड तास फोनवर बोलत होती. थंडीत बाहेर कशाला, म्हटलं तर आत रेंज येत नाही म्हणाली. माझ्या फोनला येते.

विनय सध्या लहान खोलीत झोपतो. पाठ दुखते म्हणे. चांगली गादी घे म्हणून सांगितलंय.

४ नोव्हेंबर, शनिवार

आजचं सगळं लिहायला हवं.

विनयचा वर्गमित्र मिलिंद ग्लासगोहून जेवायला आला. तिथे तो वृद्धांचा डॉक्टर आहे. जेवणानंतर म्हणाला, काका, एक गंमत करू. चावी, लिंबू, छत्री हे तीन शब्द लक्षात ठेवा. शंभरातून सात सात वजा करत जा. मग कागद दिला, घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी पट्टी मागितली. नाही म्हणाला, हातानेच काढा. हाताने काढलं. बारा आणि सहा, तीन आणि नऊ आधी मांडले, मग मधले आकडे तीस-तीस अंशांवर. अकरा वाजून दहा मिनिटांनी तासकाटा बरोबर अकरावर नसतो, जरा पुढे सरकतो. तोही पाच अंश सरकवून दाखवला. मिलिंद कागदाकडे बघत राहिला. तीन शब्द त्याने विचारले नाहीत, मीच सांगितले.

मग ते दोघं स्वयंपाकघरात गेले. मिलिंदचा आवाज मोठा आहे. "अरे, काकांना काहीही झालेलं नाही. माझ्यापेक्षा चांगली आहे त्यांची मेमरी."

तो गेल्यावर विनय माझ्यासमोर येऊन बसला. निधी वर होती. त्याने सांगितलं की महिन्यापूर्वी कॅथीड्रलमधून जिलचा फोन आला होता. तुमचे वडील आठवड्यातून दोनदा येतात आणि दर वेळी पहिल्यांदाच आलो म्हणतात. डोरीनने सप्टेंबरातच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की या गृहस्थांना आठवत नाही, पण कोणी त्यांना तसं जाणवू देऊ नका.

म्हणजे तिने मला दुसऱ्याच भेटीत ओळखलं होतं. आणि दर वेळी विचारत होती ती माझी लाज राखायला.

"बाबा, मग तुम्ही हो का म्हणायचात?"

"ती विचारायची म्हणून."

"म्हणजे?"

"दिवसभरात मला दुसरं कोणी काही विचारत नाही, विनय."

तो मान खाली घालून बसला. मला वाईट वाटलं, हे बोलायला नको होतं. त्याने मला तिकीट पाठवलं, कोट घेऊन दिला, फ्रिज भरून ठेवतो. मी म्हटलं, मनावर घेऊ नकोस. तो "नाही, नाही" म्हणाला आणि उठून भांडी घासू लागला. दोन कप आणि तीन ताटं, पण बराच वेळ घासत होता.

उद्यापासून खोटं बंद. मंगळवारी डोरीनची माफी मागायची.

७ नोव्हेंबर, मंगळवार

डोरीन नव्हती. बरं नाही म्हणाले. जिलला गाठून सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, चौदा तारखेला या, त्या दिवशी ती नक्की असेल. डोरीनबद्दल आणखी काही बोलणार होती, तेवढ्यात कोणी तरी हाक मारली.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

हल्ल्याला आज सहासष्ट वर्षं झाली. भग्नावशेषांत बरीच गर्दी होती, शाळेची मुलंही आणली होती. मी माफीची चार वाक्यं इंग्रजीत जुळवून गेलो होतो.

डोरीन वेदीच्या अलीकडे आठ-दहा पाहुण्यांपुढे उभी होती. मी मागे थांबलो. ती बोलत होती, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मग तिने वर पाहिलं आणि थांबली. आभाळ करडं होतं, भुरभुर पाऊस. ती वरच बघत राहिली.

"छत कुठे गेलं?" ती म्हणाली.

कोणाला तरी ती कथनाची पद्धत वाटली, एक जण हसला. डोरीन त्याच्याकडे वळली. "सकाळी होतं. कोणी काढलं? आता मुलं भिजतील." आणि तिने जवळच्या शाळकरी मुलीच्या डोक्यावर आपला हात धरला, छत्रीसारखा.

तेव्हा मला कळलं. टेड कधी धाकटा आणि कधी थोरला का होतो, बटणं का चुकतात, एकाच फेरीत तोच प्रश्न दोनदा का येतो, सगळं एकदम कळलं. दोन महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

जिल पलीकडून लगबगीने येत होती. मी जवळ होतो, आधी पोचलो. डोरीनसमोर उभा राहिलो. जुळवलेली चार वाक्यं आठवेनात. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे इकडेतिकडे भिरभिरत होते, ते माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबले. हळूहळू ती ठिकाणावर आली, खांदे खाली आले, आवाजही तिचा झाला.

"मिस्टर दास," ती म्हणाली. "पुन्हा विसरलात ना?"

जिल तिथेच थांबली.

"हो," मी म्हणालो. "विसरलो."

"काही हरकत नाही. चला, मी दाखवते."

तिने माझा दंड धरला आणि आम्ही निघालो. पाहुणे जिलबरोबर गेले. सगळी फेरी आम्ही केली, जळक्या तुळयांच्या क्रुसापासून बेथलेहेमच्या दगडापर्यंत. ती एखाद्या सालावर अडखळली की मीच विचारायचो, "म्हणजे नवं बासष्ट साली झालं, नाही का?" ती म्हणायची, "अगदी बरोबर. बघा, येतंय तुम्हाला."

चौथं शील आज पुन्हा मोडलं. या वेळी मनाला टोचणी नाही. असं का, त्याचा विचार नंतर करेन.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

डोरीन आता येणार नाही. पुतणी तिला आपल्या घरी घेऊन गेली, समुद्रकाठच्या कुठल्याशा गावाला. मी आज पोचलो तेव्हा जिलने सांगितलं. पत्ता देऊ का म्हणाली. मी घेतला. पत्र लिहिलं तर ते कोणी पाठवलं हे तिला कळेल का, असं विचारायचं होतं, पण विचारलं नाही.

थोडा वेळ भग्नावशेषांत बसलो. एक तरुण गाइड आला आणि त्याने तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, नाही, खूपदा आलोय. तो "अरे वा" म्हणाला आणि दुसरीकडे गेला.

२ डिसेंबर, शनिवार

निधी या आठवड्यातही आली नाही. हा दुसरा शनिवार. कंपनीत काम फार आहे, असं विनय म्हणाला.

दुपारी तो खोलीच्या दारात उभा राहिला. "बाबा, चला, कुठे तरी जाऊ." कुठे विचारलं तर म्हणाला, तुम्ही म्हणाल तिथे. कॅथीड्रलला जायची माझी इच्छा नव्हती. शेजारीच होली ट्रिनिटी नावाचं जुनं चर्च आहे, त्यात मी कधी गेलो नव्हतो. विनय इथे चार वर्षं राहतो, तो तर यांतल्या कशातच गेला नव्हता.

आत जाऊन वर पाहिलं तर कमानीवर भलंमोठं चित्र. जगाचा शेवटचा दिवस, सगळ्यांचा न्याय होतोय. येशूच्या एका बाजूला तरलेली माणसं, दुसऱ्या बाजूला नरकात चाललेली. पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वीचं चित्र काजळून पार काळं झालं होतं, दोन वर्षांपूर्वी साफ करून पुन्हा खुलं केलं. तिथे गाइड नव्हता. भिंतीजवळच्या फलकावरचं विनय मला मोठ्याने मराठीत करून सांगत गेला. नरकाच्या बाजूला हातात सुरया घेतलेल्या बायका आहेत. त्या दारू विकायच्या आणि मापात लबाडी करायच्या, असं फलकावर होतं. विनय हसला. त्याला हसताना मी या तीन महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं.

मग आम्ही बाकावर बसलो. चर्चमध्ये आणखी कोणीच नव्हतं. तो चित्राकडे बघतच बोलला.

"बाबा, निधी नाताळलाही येणार नाही."

मी म्हटलं, काम असेल.

"काम नाही. ती तिकडेच राहणार आहे. जूनमध्येच ठरलं. शनिवार-रविवार ती येत होती ते तुम्ही आहात म्हणून."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला पुढचं बोलता आलं नसतं, एवढं मला कळलं.

"मी तुम्हाला इंग्लंड बघायला बोलावलं नाही," तो म्हणाला. "घरात कोणी तरी असावं म्हणून बोलावलं. आणि तुम्ही आलात तर घरी यायची हिंमत होईना. तुम्ही विचाराल म्हणून."

मी विचारलं नव्हतं. त्याने मला काही विचारलं नाही म्हणून मी दोन महिने परक्या बाईकडे गेलो, आणि मीही त्याला काही विचारलं नव्हतं. आज लीलावती असती तर पहिल्याच दिवशी तिने लहान खोलीतली गादी बघून ओळखलं असतं.

चर्चची देखभाल करणारे गृहस्थ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. अदबीने म्हणाले, दहा मिनिटांत बंद करतोय. विनय उठायला लागला.

मी त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं. "दहा मिनिटं आहेत," म्हटलं. "सांग, काय झालं?"